लाल रेघ नसलेले पान

मास्तरांच्या संगणकाच्या कोपऱ्यात रोज सकाळी एक पिवळी चौकट उगवायची. या प्रणालीची मुदत संपत आली आहे, नवी प्रणाली आत्ता घालायची की नंतर, असे ती विचारायची. मास्तर गेले सहा महिने ‘नंतर’ दाबत होते. गृहपाठ न केलेली मुलेसुद्धा इतक्या वेळा ‘उद्या’ म्हणत नाहीत, असे लेक त्यांना चिडवायची. पण फार ताणून धरायची नाही, कारण खरी गोम तिला ठाऊक होती.

मास्तर आणि त्यांची बायको मिळून लहान मुलांसाठी वाचनाची पुस्तके करत. मास्तर लिहीत, बायको मुद्रिते तपासत असे. तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटत नसे, म्हणून छापखान्यात तिला भिंग म्हणत, आणि घरातही तेच नाव चिकटले. शब्द तपासणारा एक जुना प्रोग्राम त्यांच्या संगणकात होता. चुकीच्या शब्दाखाली तो लाल रेघ ओढायचा. बिचाऱ्याचा शब्दसाठा मात्र बेताचाच, त्यामुळे चांगल्या चांगल्या शब्दांनाही तो लाल करायचा. मग भिंग त्या शब्दावर जाऊन ‘कोशात घाला’ दाबायची आणि एखाद्या मठ्ठ पोराला म्हणावे तसे म्हणायची, “शीक रे बाबा, शीक.” असे अकरा वर्षे चालले. प्रोग्राम शहाणा झाला.

भिंगला जाऊन आठ महिने झाले होते. शेवटची दोन वर्षे तिला नावे आठवत नव्हती, मग माणसेही आठवेनाशी झाली. मास्तर अजून लिहीत होते. पानावर रेघ उमटली नाही की ते मनाशी म्हणत, भिंगने वाचलेय, आता काळजी नाही. नव्या प्रणालीवर तो प्रोग्राम चालणार नव्हता. घोडे अडले होते ते तिथे.

मग एके दिवशी प्रकाशकाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो चाचरत मुद्द्यावर आला. पहिलीच्या नव्या पुस्तकात तेरा चुका निघाल्या होत्या. सुर्य, विहिर, फूलपाखरु. एका शाळेतल्या बाईंनी पत्र पाठवले होते, की वर्गातल्या मुलांनी महिनाभर ‘सुर्य’ गिरवला आणि आता तो हातातून जाता जात नाही. प्रकाशक म्हणाला, पुढची आवृत्ती सुधारून घेऊ, पण मास्तर, तुमच्याकडून हे कसे झाले?

फोन ठेवून मास्तरांनी पडद्यावर लिहिले, सुर्य. रेघ आली नाही. विहिर. नाही आली. आपली नजर म्हातारी झालीय हे ते जाणून होते, पण यंत्राला काय झाले? त्यांनी लेकीला बोलावून घेतले. ती संगणकाचेच काम करायची.

रविवारी दुपारी तिने कोशाची यादी उघडली. प्रत्येक शब्दापुढे तो घातल्याची तारीख होती. सुरुवातीची आठ वर्षे वाचताना दोघांनाही बरे वाटले. उंबरठा, चिवचिवाट, लुसलुशीत, दवबिंदू. एकेक शब्द कुठल्या धड्यातला ते मास्तर सांगत होते. मग एका तारखेपुढे ‘विहिर’ आला. त्यानंतर चार दिवसांनी ‘नदि’. मग दोन-दोन, तीन-तीन. ‘सुर्य’ तिथेच होता.

“आईनं चुकून बटण दाबलं असेल,” लेक म्हणाली. “‘दुरुस्त करा’ आणि ‘कोशात घाला’ ही बटणं एकाखाली एक आहेत.”

मास्तर तारीख बघत होते. त्यांनी लेकीला पाण्यावरच्या धड्याची फाईल काढायला सांगितले. ती यादीतल्या तारखेच्या आदल्या दिवशीची होती.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. भिंगने तपासलेल्या पानावर ‘विहिर’खाली रेघ तशीच राहिली होती, आणि मास्तर हसत म्हणाले होते, “काय गं भिंग, तुझ्या पानावर लाल रेघ? आता तुझी वही मी तपासायची का?” तीही हसली होती. “घाईत राहिलं हो,” म्हणाली आणि पान परत घेऊन गेली. त्यात काय एवढे! चाळीस वर्षांच्या संसारात अशा शंभर थट्टा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने ‘विहिर’ कोशात घातला होता.

हे हातून चुकून झालेले नव्हते. रेघ दिसायची, पण शब्दात काय चुकलेय ते तिला कळत नसायचे. आणि मास्तरांनी ती रेघ बघू नये, म्हणून ती शब्द कोशात ढकलून रेघ पुसायची. डॉक्टरांकडे गेले ते त्यानंतर दीड वर्षाने. तोवर ती एकटी होती. मास्तर स्वच्छ पाने बघून तिला म्हणायचे, बघ, एक रेघ नाही, अजून भिंग ते भिंगच.

वर्गात अडखळणाऱ्या पोराशी ते कधी असे वागले नव्हते. चुकणाऱ्या मुलाच्या शेजारी मांडी घालून बसायचे, हे त्यांचे सगळे आयुष्य होते. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचे विसरून नुसता हातात धरून बसले.

लेकीने विचारले, नाही घातली नवी प्रणाली तर? हा संगणक इंटरनेटशी न जोडता असाच ठेवता येईल. पुस्तके दुसऱ्यावर करा, हा आईचा म्हणून राहू दे.

मास्तरांना ते पटता पटता राहिले. आपण याच्यावरच लिहायला बसणार, हे त्यांना माहीत होते. रेघ नसलेले पान पाहिले की बरे वाटणार, आणि कुठल्या तरी वर्गात पुन्हा कुणीतरी सुर्य गिरवणार.

“घाल नवी,” ते म्हणाले. “पण आधी ही यादी निवडायची. बरोबर ते शब्द तपासणीच्या नव्या प्रोग्रामात न्यायचे.”

“एकूण चौदाशे शब्द आहेत, बाबा. मी करू का? तुम्ही पडा जरा.”

“नको. ते माझं काम आहे.”

लेक एकेक शब्द वाचू लागली. मास्तर ‘ठेव’ म्हणत किंवा ‘काढ’ म्हणत. पहिले हजारभर शब्द भराभर गेले. पुढे ‘काढ’ वाढत गेले, तसा लेकीचा आवाज बारीक होत गेला. एक शब्द, नुसते मास्तरांचे आडनाव, नऊ वेळा होता. नऊ तऱ्हांनी. त्यातला एकही बरोबर नव्हता. मास्तरांनी नऊ वेळा ‘काढ’ म्हटले.

त्यानंतर आला ‘सावलट’.

“सावळट लिहायचं असेल आईला,” लेक म्हणाली. “ल आणि ळ. काढू?”

मास्तर थांबले. तारीख दुखण्याच्या ऐन भरातली. पण झाडांच्या धड्याचे कामही त्याच दिवसांतले. दाट सावली नाही, विरळ विरळ आहे, अशा जागेला ती सावलट म्हणाली असेल का? काळपट, सावळट, तसे सावलट. मुलांना आवडला असता असा शब्द. त्यांनी कपाटातले दोन्ही जाडे शब्दकोश काढून पाहिले. दोन्हींत नव्हता. तो शब्द आहे की चूक आहे, हे जगात एकच माणूस सांगू शकले असते, आणि शेवटी शेवटी तेही सांगू शकले नसते.

“बाबा?”

“मला माहीत नाही गं.”

“मग राहू दे. एका शब्दानं काय होतंय?”

“नाही. माहीत नसलेला शब्द मुलांना द्यायचा नाही. काढ.”

“आणि बरोबर असला तर?”

“तर दर वेळी त्याच्याखाली रेघ येईल,” मास्तर म्हणाले, “आणि मी तिथं थांबेन.”

लेकीने शब्द काढला. अजून दोनशे सात बाकी होते. तिने पुढचा वाचला, आणि मास्तरांनी नीट ऐकू यावा म्हणून खुर्ची जरा पुढे ओढली.