झाकणामागची तारीख

घड्याळजीला कोर्टात उभं केलं तेव्हा त्याची नजर आधी भिंतीवर गेली. कोर्टाच्या घड्याळात दुपारचे चार वाजले होते, आणि ते चार मिनिटं मागे होतं. त्याचे हात शिवशिवले. चोरीचा आळ आलाय, बायको मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलीय, आणि या गृहस्थाला पडलीय घड्याळाची!

"आज सकाळी आठला अटक केली, मॅडम," फौजदार म्हणाले. "चार दिवस कोठडी द्या."

आज? घड्याळजीला परवा दुपारी दुकानातून उचललं होतं. काल बायकोने ठाण्यात दोनदा हेलपाटे घातले, सकाळी आणि चारला. दोन्ही वेळा तिला "इथं नाही तो" म्हणून वाटेला लावलं होतं. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढे आणायचं, हा कायदा. तो मोडला होता, आणि वर ठाण्याच्या वहीत साळसूदपणे खोटी वेळ लिहिली होती.

"मी परवापासून आत आहे, मॅडम."

"पुरावा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

पुरावा कुठून आणायचा? आत होतं काय, एक बाक, आणि गजांतून दिसणारं ठाण्याच्या भिंतीवरचं एक बंद घड्याळ. बंद घड्याळ! काल त्याच्याकडे बघून बघून त्याला स्वस्थ बसवेना, म्हणून हवालदाराकडून घड्याळ आणि स्क्रू ड्रायव्हर मागून घेऊन त्याने ते चालू केलं होतं. आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणामागे तो पेन्सिलीने तारीख, वेळ टाकून सही करायचा. वीस वर्षांची सवय.

"ठाण्यातलं भिंतीवरचं घड्याळ मागवा, मॅडम. मागचं झाकण उघडा."

फौजदार हसले. ठाणं समोरच होतं, तरी घड्याळ येईपर्यंत घड्याळजीचा जीव टांगणीला लागला. कुणी पुसलं असेल तर? अखेर हवालदार घड्याळ घेऊन आला. झाकण निघालं. कालची तारीख, दुपारचे तीन दहा, खाली सही.

"कालची तारीख टाकून आज सकाळीही लिहिलं असेल," फौजदार घाईने म्हणाले.

बाईंनी हवालदाराकडे पाहिलं. "कधी दुरुस्त केलं यांनी?"

हवालदाराने फौजदारांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "काल दुपारी, मॅडम. मीच स्क्रू ड्रायव्हर दिला."

"म्हणजे चोवीस तास कधीच उलटले. ही कोठडी बेकायदा आहे. सोडा यांना."

घड्याळजीचे डोळे भरून आले. मागे बायको उठून उभी राहिली होती, हवालदाराच्या हातातल्या घड्याळाकडे बघत.

"काल सकाळी ठाण्यात गेले तेव्हा हे घड्याळ बंद होतं," ती म्हणाली. "चारला गेले तर चालू. तेव्हाच मला कळायला हवं होतं, हे आतच आहेत."