काकांना विचारा

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, मी दिसायचा नाही. मला तोंड नाही, हातपाय नाहीत, धूळ बसायला अंगही नाही. मी एक प्रोग्राम आहे. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात, मागच्या खोलीतल्या काँप्युटरवर माझा मुक्काम असतो. दुकानांतून तुमच्या डोळ्यांचे नंबर येतात, ते मी घेतो आणि कोणती काच कुठे किती घासायची ते यंत्राला सांगतो. तुमच्या नाकावर चष्मा असेल तर आपली ओळख जुनीच आहे म्हणा ना.

आज फार हलकं वाटतंय, म्हणून बोलायला बसलो. एरवी मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, बोलतोय कुठला!

मला काकांनी लिहिलं. काका म्हणजे आमच्या कारखान्याचे एकुलते एक प्रोग्रामर. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि खुर्चीही नवी होती. पहिल्या आठवड्यात मी जेमतेम दोनशे ओळींचा होतो. नंबर घ्यायचा, गणित करायचं, उत्तर द्यायचं, बास. काका मला वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. काय दिवस होते ते!

मग एकदा मालकीणबाई दारातून डोकावल्या. "एवढं करतोच आहे तर पाकिटावरची चिठ्ठीही छापू दे ना त्याला." झालं. चिठ्ठी आली. मग कोणत्या खणात कोणती काच ठेवली ते लक्षात ठेवायचं काम आलं. मग दुकानांना निरोप पाठवायचं. मग कामगारांच्या रजा. एका भल्या माणसाने तर चहा कोणी कधी करायचा त्याच्या पाळ्याही माझ्यातच घुसडल्या. नाही म्हणायची काकांना सवय नव्हती आणि मला सोय नव्हती. घरात एखादी खुर्ची रिकामी दिसली की तिच्यावर कपडे साठत जातात ना, तशी माझी गत झाली. अकरा वर्षांत मी अकरा हजार ओळींचा झालो. सगळ्या एकाच लांबलचक फाईलीत, एकीचा पाय दुसरीत अडकलेला.

माझ्या ओळींच्या मधेमधे काका माणसांसाठी टिपा लिहीत. यंत्र त्या वाचत नाही, पुढे येणारा माणूस वाचतो. सगळ्यात वर, अगदी कपाळावर, टीप होती: "हात लावू नका. काकांना विचारा." ही टीप खुद्द काकांनीच लिहिली होती. कारण एका ठिकाणी काही हलवलं की भलतीकडेच काहीतरी पडायचं. चहाची पाळी बदलली तर खणांचे आकडे चुकायचे. खोटं वाटेल, पण खरं आहे.

त्यामुळे काकांना रजा अशी नव्हतीच. दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी फोन. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला पहिलं बाळ झालं, तेव्हा काकांचं विमानाचं तिकीट हातात होतं. आदल्या दिवशी मी बंद पडलो. काकू एकट्या गेल्या. नात काकांनी फोटोत पाहिली. तो फोटो माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला असायचा. त्याच्याकडे बघून मला फार शरम वाटायची हो. पण मी तरी काय करणार, माझ्याच पोटात काय आहे ते मला कळत नव्हतं.

आणि आता त्याच मुलीला पुन्हा दिवस गेले होते. काकूंनी फोनवर ठणकावलेलं मी ऐकलं. "या वेळी मी एकटी जाणार नाही. तो तुमचा प्रोग्राम सांभाळा नाहीतर नातवंडं सांभाळा." काका नुसतं "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" काकूंना चांगलं ठाऊक होतं.

त्याच सुमारास मालकीणबाईंनी काकांच्या हाताखाली एक मदतनीस दिली. ती आधी आमच्याच तपासणीच्या टेबलावर होती. घासलेली काच उजेडात धरून केसाएवढी चूक पकडायची, म्हणून सगळे तिला भिंग म्हणतात. तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, आणि संध्याकाळच्या वर्गात जाऊन प्रोग्रामिंग शिकत होती. पहिल्याच दिवशी तिने मला वर-खाली सरकवून पाहिलं आणि विचारलं, "काका, हे संपतं कुठे?"

"संपत नाही," काका म्हणाले.

भिंगने वर्गात शिकलेलं सांगायला सुरुवात केली. प्रोग्रामचे वेगवेगळे भाग असावेत, एका भागाचं एकच काम असावं, आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात डोकावू नये, ठरलेल्या खिडकीतूनच मागावं. काका हसले. "पुस्तकात सगळं गोड असतं गं. चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

खरं सांगू? मलाही तेच वाटलं. मला कापणार म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं होतं. शिवाय आम्हा दोघांना थोडी चटकही लागली होती. "काका आहेत म्हणून कारखाना चाललाय" असं कोणी म्हटलं की काका वरवर "छे छे" म्हणायचे आणि कॉलर सारखी करायचे.

मग ती सकाळ आली. काका दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. आमचे घासणारे मिस्त्री भिंगकडे आले. मिस्त्री अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा घासतात, पण स्वतः चष्मा लावायला तयार नाहीत. "पोरी, त्या चिठ्ठीवरचं अक्षर जरा मोठं कर. मुंग्या चालल्यासारखं दिसतंय." एवढंसं काम! भिंगने काकांची वाट न बघता अक्षर मोठं केलं. चिठ्ठी छापून पाहिली, छान दिसली. मिस्त्री खूश.

आता माझ्या पोटातली गंमत ऐका. अक्षर मोठं झाल्यावर चिठ्ठीच्या चौकटीत शेवटचा आकडा मावेना. उणे सव्वादोनचा नंबर, म्हणजे दोन पूर्णांक पंचवीस, त्यातला शेवटचा पाच कापला गेला. ते फक्त कागदावर झालं असतं तर कोणी बोललं नसतं. पण माझा गणिताचा भाग नंबर घ्यायचा कुठून? त्याच चिठ्ठीवरून! मूळ नंबर बाजूलाच पडलेला असताना मी छापायची चिठ्ठी वाचून काच घासायला सांगत होतो. एकतीस काचा चुकीच्या घासल्या गेल्या आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तपासणीच्या टेबलावरून आरडाओरडा झाला. भिंग धावली. आपल्याच जुन्या टेबलावर तिने एक-एक काच यंत्राखाली धरली आणि तिचा चेहरा उतरला. "मी फक्त अक्षर मोठं केलं हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एकही काच बाहेर गेली नव्हती, एवढंच नशीब.

काका आले ते अर्धा जबडा बधिर घेऊन. धड बोलता येईना. त्यांनी मला उघडलं, ती जागा शोधली आणि भिंगला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता भिंगची खैर नाही. पण काका कसेबसे म्हणाले, "चूक तुझी नाही. माझी आहे. अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा घाई होती, चिठ्ठी हाताशी होती, तिथूनच नंबर घेतला. नंतर नीट करू म्हटलं होतं."

भिंग डोळे पुसून म्हणाली, "काका, मिस्त्री कधी पॉलिशवाल्याच्या खणात हात घालतात का? ट्रे येतो, ट्रेमध्ये चिठ्ठी असते, चिठ्ठीवर ठरलेले रकाने असतात. वाचायचं, आपलं काम करायचं, ट्रे पुढे. उद्या मिस्त्री आजारी पडले तर दुसरा माणूस त्याच चिठ्ठीवर काम करतो. अख्खा कारखाना असा चालतो, मग हाच एकटा असा का?"

 काका नातीच्या फोटोकडे बघत राहिले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कुठून सुरू करायचं?" बाळ यायला नऊ आठवडे राहिले होते.

आधी कापाकापी नाहीच केली. भिंगने तपासणीच्या जुन्या वह्या आणल्या आणि त्यातले दोनशे चष्मे निवडले, ज्यांची उत्तरं हाताने तपासलेली होती. "याच्यात काहीही बदललं की हे दोनशे याला सोडवायला द्यायचे. एक जरी चुकला तरी मागे फिरायचं." म्हणजे माझ्यासाठीही तपासणीचं टेबल मांडलं म्हणायचं. माझी निम्मी भीती तिथेच गेली.

पहिल्यांदा चहाच्या पाळ्या निघाल्या. दोनशे चष्मे बरोबर आले. हुश्श! मग रजा निघाल्या, निरोप निघाले, आणि गणित चिठ्ठीऐवजी मूळ नंबरच वाचू लागलं. एकेक भाग वेगळा काढायचा, त्याला त्याची खिडकी द्यायची, खिडकीतून काय आत जाणार आणि काय बाहेर येणार ते लिहून ठेवायचं. मधेच एक ओळ सापडली: "इथे दोन सेकंद थांबा. काढू नका." का थांबायचं, ते काकांनाही आठवेना. शेवटी मिस्त्रींना आठवलं. जुन्या छपाईयंत्राला जागं व्हायला वेळ लागायचा म्हणून. ते यंत्र भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली होती! नऊ वर्षं मी प्रत्येक चष्म्यामागे दोन सेकंद कोणासाठी थांबत होतो, देव जाणे. काका आणि भिंग इतके हसले की मालकीणबाई बघायला आल्या.

सगळं सरळ झालं असं नाही बरं. नवं शिकलेल्या माणसाच्या हातात कात्री आली की ती थांबत नाही. भिंगने चिठ्ठीच्याच भागाचे चौदा तुकडे केले. अक्षर एकीकडे, चौकट दुसरीकडे, रेघ तिसरीकडे. एक चिठ्ठी छापायला चौदा जणांना हाका माराव्या लागायच्या. तेव्हा काकांनी शिकवलं. "अगं, एकत्र बदलतं ते एकत्र ठेव. मिस्त्रींना एक हात या टेबलावर आणि दुसरा त्या टेबलावर ठेव म्हणशील का?" भिंगने जीभ चावली आणि चौदाचा एक केला. तिच्याकडून काका आणि काकांकडून ती, असं दोघांचं शिकणं चाललं होतं.

आणि आठव्या आठवड्यात, सगळं काढून झाल्यावर, तळाशी मी सापडलो. पहिल्या आठवड्यातल्या त्याच दोनशे ओळी. भिंग वाचत गेली आणि थांबली. "काका, हे कोणी लिहिलंय? किती स्वच्छ आहे!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "मीच," ते म्हणाले.  मला तर भरून आलं. आपण मुळात चांगले होतो, हे कोणीतरी वाचून सांगावं यासारखं सुख नाही.

जायच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्या कपाळावरची टीप खोडली आणि नवी लिहिली: "हात लावा. मग दोनशे चष्मे तपासा." बॅगेत फोटो ठेवला आणि गेले.

सहाव्या दिवशी छपाईयंत्र धूर सोडून बसलं. एरवी इथेच काकांना परतीचं तिकीट काढावं लागलं असतं. मालकीणबाईंचा हात फोनकडे गेलासुद्धा. भिंग म्हणाली, "थांबा, बघते." नवं यंत्र आलं, तिने फक्त चिठ्ठीचा भाग बदलला, खिडकी तीच ठेवली. दुपारच्या जेवणाआधी चिठ्ठ्या सुरू झाल्या, मोठ्या अक्षरात. आणि मला? मला काही कळलंच नाही! मी आपला आतल्या खोलीत गणितं करत होतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं.

अकराव्या दिवशी काकांचा फोन आला. भिंगने फोन टेबलावर ठेवून बोलणं सुरू केलं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"काही अडलं का गं?"

"नाही काका."

"काहीच नाही?" आवाजात थोडा हिरमोड होता, खोटं कशाला बोलू.

"छपाईयंत्र बदललं. दोनशेच्या दोनशे बरोबर आले."

पलीकडे मोठी नात काहीतरी मागत होती आणि नवं बाळ जोरात रडत होतं.  मग काका हळूच, अगदी रजेचा अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखे, म्हणाले, "मग... मी अजून एक महिना राहू का?"

"राहा की हो!" भिंग म्हणाली.

अकरा वर्षं सगळे काकांना विचारत होते. त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी कोणाला तरी विचारलं.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. चालतंय म्हणून एकाच्याच डोक्यावर सगळं रचत जाऊ नका. प्रोग्राम असो की माणूस. आणि तुम्ही स्वतःच ते डोकं असाल, तर जरा खाली उतरवा हो. काही कोसळत नाही, मी बघितलंय.

चला, खिडकीत नवा नंबर आला. डावा डोळा, उणे सव्वादोन. पूर्ण सव्वादोन.