जबड्यात उतरलेला कासोंदे

मी दगड फोडणारा जबडा आहे. झांबियातील तांब्याच्या खाणीत खडक चावणे, हाच माझा जन्मयोग. माझी एक बाजू अचल, दुसरी चल. मुख रुंद, कंठ अरुंद. बैलाएवढा खडक येतो, चाव्याचाव्यागणिक फुटत खाली घसरतो आणि पपईएवढा होऊन पडतो. त्याची खडी पुढचे यंत्र करते, पीठ त्याच्याही पुढचे. विधात्याने प्रत्येकाला त्याचा घास नेमून दिला आहे.

मुकादम कासोंदेला हा धीर मानवेना. माझ्याकडूनच खडी मिळावी म्हणून त्याने माझा कंठ आवळला. दुपारी एक रुंद शिळा आली आणि आडवी रुतली. मला ती चावता येईना, गिळता येईना, थुंकताही येईना. ज्याचे मुखच त्याचा तुरुंग झाले, त्याने धावा कोणत्या मुखाने करावा?

वीज तोडून कासोंदे पहारीसह माझ्यात उतरला. माझे अवजड चाक मात्र अर्ध्या फेरीत थबकले होते. शिळा सुटताच ते उरलेली फेरी पुरी करणार होते.

"मुकादम, चाकाला साखळी घालू?" वरून एका मजुराने विचारले.

"वीज बंद आहे. मला शिकवतोस?"

मग त्याच टोळीतला सोको पुढे झाला. तो न्गोनी, कासोंदे बेम्बा. या दोन जमातींत थट्टेचे नाते: कितीही टोचले तरी रागवायचे नाही, आणि एक मेला की दुसऱ्याने त्याची कबर खणायची.

"ए माकडखाऊ, मर खुशाल, पण आज नको! माझी कंबर धरलीय, खड्डा कोण खणणार?"

"उंदीरखाऊ, कामाच्या वेळीच बरी धरते तुझी कंबर!"

"अन् तुझं हे पोट? दोघांचा खड्डा लागेल! आधी वर ये, साखळी घालतो. मग हवं तेवढं मर."

सगळे हसले. कासोंदेलाही हसू आवरेना. तो वर आला. "घाल बाबा. नाहीतर मेल्यावरही टोमणे मारशील."

साखळी पडली. तो पुन्हा उतरला. पहारीच्या घावाने शिळा दुभंगली, चाक उसळले, साखळी करकरली. माझा जबडा त्याच्या बरगडीला टेकून थांबला. तो थांबला, मी थांबवला नाही.

सोकोने हात देऊन त्याला बाहेर ओढले. या वेळी कोणी हसले नाही.

"कंठ सैल करा," कासोंदे एवढेच बोलला.

आता मी पुन्हा चालतो आहे. चालणे माझे नाही, थांबणेही माझे नाही; पडेल ते चावायचे. या कोंडीतून माझे एकच मागणे: दयाघना, कोणाच्या मुखी तुझे नाम येते. माझ्या मुखी दगड येवो. दगडाखेरीज काही न येवो.