गप्प राहिलेले रक्त

पडदे शिवण्याच्या कारखान्यात सगळे त्यांना बाई म्हणत. चाळीस वर्षांत बाईंनी आपला एकही पडदा दुसऱ्याला टांगू दिला नव्हता. स्वतः स्टुलावर चढायचे, कड्या गजात ओवायच्या, खाली उतरून दुरून पडद्याचा झोल न्याहाळायचा आणि चुणी अर्धे बोट जरी चुकली असली तरी पडदा उतरवून परत न्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. ज्या रुग्णालयात आता त्यांचे खेटे चालले होते, तिथल्या खाटांमधले आणि व्हरांड्यातले पडदेही त्यांनीच टांगलेले होते.

त्याच बाईंना गेले सात महिने फणी डोक्यापर्यंत नेता येत नव्हती. हात खांद्यापाशी येऊन अडत. खुर्चीतून उठताना मांड्या दगा देत. पापण्यांवर जांभळट झाक आली होती. कारखान्यातल्या शिवणाऱ्या बायका त्या झाकेविषयी कुजबुजत आणि बाई जवळ आल्या की मशिनी जोरात हाकत.

हा स्नायूंच्या दाहाचा आजार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. शरीरात रोगजंतू शिरला की पेशी एकमेकींना सावध करण्यासाठी काही रेणू सोडतात; त्यातल्या एकाचे नाव इंटरफेरॉन. बाईंच्या अंगात शत्रू नसतानाच ही हाकाटी चालली होती आणि ती ऐकून धावलेले राखणदार घरच्याच स्नायूंवर तुटून पडत होते. सुरुवातीला दाह दाबायला दिलेल्या स्टेरॉइडने रक्तातली साखर भलतीच चढली, म्हणून हळूहळू कमी करून ते थांबवावे लागले. उरली होती ती एक नवी गोळी, हे निरोप मधल्यामध्ये अडवणारी. पण रक्तात इंटरफेरॉनचा जोर दिसल्याशिवाय रुग्णालयाची समिती तिला मंजुरी देत नसे. पहिल्या तपासणीत तो जोर दिसला नव्हता. आज दुसरा रिपोर्ट आला होता.

“आजी, याही वेळी रक्त गप्पच आहे,” डॉक्टरीणबाई कागदावरची नजर न उचलता म्हणाल्या.

“आजी मी माझ्या नातवंडांची. आणि माझं रक्त आजवर कधी गप्प बसलेलं नाही. हवं तर सुनेला विचारा.”

शेजारी बसलेल्या सुनेने हसू दाबले. बाईंना मात्र हसू येत नव्हते. त्यांनी लॅबवाल्यांची यथास्थित हजेरी घेतली. आपल्या कारखान्यात कापडाच्या प्रत्येक तुकड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असते, तेवढी शिस्त तरी या लोकांनी शिकून घ्यावी, असे त्यांनी ऐकवले. हात वर जात नाही, जिना चढवत नाही, हे डोळ्यांना दिसते ते खरे की बाटलीतले खरे, असेही विचारले.

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. नमुना बाईंचाच होता. त्यांनी दोनदा खात्री केली होती. त्याही वैतागल्या होत्या. सलग दोन रिपोर्ट असे आले की समिती प्रकरण बंद करते. जोर दबण्याचे कारण सापडले, तरच तिसरी संधी. दुसरे काही औषध, काढा, गोळी? हा प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला आणि बाईंनी तिसऱ्यांदा नकार दिला.

“आई,” सून हळूच म्हणाली, “बटणांचा डबा.”

बाईंची मान ताठ झाली. “कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“काल बटण शोधायला उघडला तेव्हापासून. तुम्ही स्वतः सांगाल असं वाटलं होतं.”

बाई कधी काही टाकून देत नसत. कापडाची चिंधी नाही, तुटकी कडी नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी टाकून द्यायला सांगितलेल्या स्टेरॉइडच्या उरलेल्या गोळ्याही नाहीत. त्या बटणांच्या डब्यात होत्या. रुग्णालयात यायच्या आधी चार दिवस त्या घेतल्या की अंगात थोडी उभारी येई आणि व्हरांडा स्वतःच्या पायांनी ओलांडता येई. आपणच टांगलेल्या पडद्यांखालून चाकांच्या खुर्चीत बसून जायचे, हे त्यांना मरणाहून जड होते.

“मी घेतल्या,” बाई म्हणाल्या. आवाज हुकमीच होता. फक्त तो कुणाला हुकूम सोडत नव्हता. “दोन्ही वेळा. लिहा तुमच्या कागदावर.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. “म्हणजे हाकाटी चालूच होती, बाई. तिच्या तोंडावर हात तुम्ही ठेवलात, आणि मी दोन महिने लॅबशी भांडते आहे.” अशा गोळ्या मनाने घेण्याने काय ओढवले असते, तेही त्यांनी सौम्यपणा बाजूला ठेवून सांगितले. चार आठवडे एकही गोळी नाही. मग शेवटचा नमुना. बाईंनी आयुष्यात प्रथमच कुणाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले.

ते चार आठवडे कसे गेले, ते सुनेलाच ठाऊक. तिसऱ्या आठवड्यात बाईंना खाटेवरून उठवायला दोन माणसे लागू लागली. चहाचा पेला तोंडाशी न्यायलाही त्या दोन्ही हात लावत, आणि कुणी मदतीला सरसावले की डोळे वटारत. डबा सुनेने रिकामा केला होता. तरी बाईंनी तो दोनदा उघडून पाहिला आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चरफडत बंद केला.

नमुन्याच्या दिवशी सुनेने चाकांची खुर्ची ढकलली. व्हरांड्याच्या मधोमध बाईंनी थांबायला सांगितले. एका खाटेचा पडदा धुऊन परत टांगलेला होता, तीन कड्या सोडून, एका बाजूला लोंबता.

“हा कुणी टांगला?”

बाईंनी हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला आणि मांडीवर पडला.

“आई, मी लावू का?”

“तुला झोल कळत नाही.” बाईंनी पडद्यावरची नजर काढली. “चल. आधी रक्त देऊ.”