कागदाच्या तीन घड्या

"औषध बोटभर आणि कागद चादरभर! याचा काय उशीला अभ्रा शिवू?"

माझ्या नव्या घरात माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारी बाई पडदे आणि अभ्रे शिवायची, त्यामुळे सपाट काही दिसलं की तिच्या मनात माप सुरू व्हायचं. माझ्या खोक्यातून निघालेला माहितीचा कागद तिने शिलाई मशीनच्या फळीवर पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यावर मला ठेवलं.

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. इसबाच्या मलमाची. जुनी म्हणजे तरी किती, या घरात येऊन दीड महिना झाला. पण ट्यूबचं वय पोटावरून ओळखावं, आणि माझं पोट आता पाठीला लागलं आहे.

माझा जन्म एका स्वच्छ, गार कारखान्यात झाला. आम्हा ट्यूबांना शेपटाकडून भरतात आणि मग शेपूट दुमडून घट्ट दाबतात. माझ्या अंगावर ठळक लिहिलं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला विकायचं नाही. त्याचा मला भारी अभिमान. औषधांच्या दुकानात शेजारच्या गोड गोळ्या कुणाच्याही हातात जायच्या. मी मात्र चिठ्ठीची वाट पाहत बसले होते, स्थळ सांगून आल्याशिवाय दाराबाहेर न पडणाऱ्या मुलीसारखी.

चिठ्ठी आली ती त्या शिवणाऱ्या बाईच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी. तिचे बाबा तिला खारूताई म्हणायचे. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर तिची कातडी लाल, जाड आणि भेगाळलेली होती. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आईबाबांना समोर बसवून सगळं नीट समजावलं.

"हिच्या अंगातले पहारेकरी फार तापट आहेत. चोर नसला तरी काठ्या चालवतात. हे मलम त्यांना तेवढ्या जागेपुरतं खाली बसवतं. सकाळ-संध्याकाळ लावायचं, लाल जागेवरच आणि अगदी पातळ. भिंत लिंपायची नाहीये आपल्याला. वर पट्टी गुंडाळायची नाही. लावून झालं की हात धुवायचे. तिथे कडक ऊन लागू द्यायचं नाही. कुठे पाणी सुटलं, पू दिसला, तर मलम थांबवायचं आणि आधी मला दाखवायचं. पहिले काही दिवस आग होईल, ती कमी होत जाते. कातडी बरी दिसली की थांबायचं कसं, ते मी सांगेन. काही शंका?"

"नाही, नाही," दोघं म्हणाले. शंका माणसांना घरी पोचल्यावर चपला काढताना येतात.

पहिले दोन दिवस मी खरंखुरं काम केलं. खारूताई "आई, जळतंय!" म्हणून पाय आपटायची आणि आई कोपरावर फुंकर घालत राहायची. तिसऱ्या दिवशी आईने तो कागद वाचायला घेतला. ओळीखाली बोट ठेवून ती सावकाश वाचत होती, आणि एका शब्दापाशी तिचं बोट थांबलं, धागा अडकल्यावर मशीन थांबतं तसं.

तो शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. खारूताईची मावशी त्या दुखण्याने गेली होती. आधी मावशीचे केस गेले, मग मावशी गेली. तेव्हापासून घरात त्याला "ते" म्हणायचे. "ताईला ते झालं ना, त्या वर्षी..." एवढ्यावर वाक्य मोडायचं आणि कुणीतरी उगाच पाणी प्यायला उठायचं. त्या घरात राहून मलाही तीच खोड लागली आहे, म्हणून मीही तो शब्द घेत नाही.

कागद खोटं बोलत नव्हता. माझ्यासारखं मलम वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते दुखणं झाल्याची नोंद आहे. ते मलमामुळेच झालं असं सिद्ध झालेलं नाही. तरीही सावधगिरी हवी, म्हणून मला लागेल तिथेच, लागेल तेवढंच आणि लागतील तेवढेच दिवस वापरायचं. कागदावर हे सगळं होतं. आईने शब्द वाचला, पुढची ओळ वाचली नाही.

त्या दिवसापासून माझी नोकरी बदलली. सकाळ-संध्याकाळ आई मला उघडायची, वाटाण्याएवढं मलम कापडाच्या चिंधीवर पिळायची, चिंधी दुमडून कचऱ्यात टाकायची. मग डब्यातलं साधं क्रीम खारूताईला चोळायची.

"लावलंस का मलम?" बाबा कामावरून आले की विचारायचे. ते टपाल वाटायचे.

"लावलं की. ट्यूब बघा ना, किती उतरलीय!"

बाबा मला हातात घेऊन बघायचे आणि मान डोलवायचे. मित्रांनो, औषध म्हणून जन्माला यावं आणि खोटी साक्ष देण्यात आयुष्य जावं, यासारखी लाज नाही.

"आई, आता जळत कसं नाही गं?" एकदा खारूताईने विचारलं.

"सवय झाली तुला."

जळत नव्हतं, पण खाजत होतं. ती टेबलाच्या कडेवर कोपर घासत बसायची. "काय खारूताई, टेबलाला पॉलिश का?" बाबा म्हणायचे आणि तीही हसायची. शाळेत तिला खाजकुयली म्हणत. जोडीच्या खेळात तिचा हात कुणी धरेना, तेव्हा ती भर उकाड्यात लांब बाह्या घालू लागली. आईने तिच्या बोटांसाठी मऊ सुती पिशव्या शिवल्या, त्यांना नाडीसुद्धा लावली. तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. बाबा उठायच्या आत आई ती चादर भिजत घालायची.

तुम्हाला वाटेल, भीती आईच्या एकटीच्याच पोटात होती. मलाही तसंच वाटायचं. पण तो कागद माझ्यासोबत खोक्यात राहायचा आणि मला त्याच्या घड्या कळायच्या. आई घडी घालायची ती कापडासारखी, काठाला काठ जुळवून, वरून नख फिरवून. एके दिवशी कागद खोक्यात परतला तो तीन समान पट्ट्यांत दुमडलेला, जणू आता लिफाफ्यातच जायचा आहे. ती टपालवाल्याची घडी होती! त्यानंतरही बाबा रोज "लावलंस का?" विचारत राहिले, पण मला हातात घेणं त्यांनी सोडलं. आणखी आठवड्याने कागद आला तो चुरगळून, कोंबून, एक कोपरा बाहेर राहिलेला. दहा वर्षांच्या हातांना एवढी मोठी घडी जमत नाही.

म्हणजे तिघांनीही वाचलं होतं. तिघंही एकाच खोलीत वावरत होते आणि एकमेकांपासून लपवत होते.

म्हणून विनवते, मित्रांनो. चिठ्ठीवरचं औषध दुसऱ्याला देऊ नका, मनाने वाढवू नका आणि मनाने बंदही करू नका. भीती वाटली तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. भीती काही गुन्हा नाही. पण ती चिंधीत गुंडाळून कचऱ्यात टाकली, तर तिचे ओरखडे भलत्याच्याच अंगावर उठतात.

सहा आठवडे झाले आणि आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंच्या टेबलावर आलो. त्यांनी खारूताईच्या बाह्या वर केल्या आणि कपाळाला आठी घातली. मग मला उचलून उजेडात धरलं.

"ट्यूब तर संपत आली. म्हणजे रोज लावलंय?"

खारूताई खिडकीबाहेर बघत होती.

"मग नुसत्या मलमाने भागणार नाही असं दिसतंय. पोटातून घ्यायच्या गोळ्यांचा विचार करावा लागेल. त्या कातडीपुरत्या राहत नाहीत, सगळ्या अंगावर काम करतात. त्याआधी रक्त तपासू, आणि मधूनमधून तपासत राहू."

"तुम्ही म्हणाल तसं," बाबा बुटांकडे बघत म्हणाले.

डॉक्टरबाई लिहू लागल्या. खारूताईने हळूच बाह्या खाली ओढल्या.

"थांबा," आई म्हणाली. "लिहू नका. मी लावलंच नाहीये. दोन दिवस लावलं, मग रोज पिळून टाकून दिलं."

"अगं, राहू दे ना आता..." बाबा पुटपुटले.

"काय राहू दे? तुम्हीही वाचलंय ना? घडी कळते मला तुमची. मग का नाही बोललात?" आईचा आवाज फाटला. तिने खारूताईला जवळ ओढलं आणि डॉक्टरबाईंकडे वळली.

"माझी सख्खी बहीण कॅन्सरने गेली हो. हे मलम लावून माझ्या मुलीला कॅन्सर होईल का? तेवढं मला सांगा."