भिंतीकडची अंजिरं

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणजे तेल लावलेला पैलवान; कुठूनही धरा, निसटणारच.

माझ्या ताईची अंजिराची बाग जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. त्या भिंतीकडची फळं मी तपासली, तर शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. साहेबांनी लगेच दूर टेकडीवरच्या एका बागेतली अंजिरं मागवली आणि स्वतःच्या हातानं दोन्ही एकत्र मिक्सरमध्ये फिरवली. "सरासरी बघायची असते, बाई," मला म्हणाले. झालं, शिसं मर्यादेत आलं! अहवालात मग लोह, जस्त, तांबं यांचं असं कौतुक, की मुलगी दाखवायच्या वेळी मुलीचंही कोणी करत नसेल. शेवटी बारीक अक्षरात, 'शिसं: समाधानकारक'. समाधान कोणाचं, ते लिहिलं नव्हतं.

अहवाल गेला खड्ड्यात, माझा जीव भाच्यात अडकला होता. दीड वर्षाचं पोर दिवसभर अंजिरं चघळत असतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवरच घाला घालतं. ताईला परोपरीनं सांगितलं. तर म्हणते, "सही साहेबांची आहे, तुझी नाही. माझं चांगलं तुला कधी बघवलंय?" घ्या, बहीण म्हणून सांगायला गेले आणि जळकी ठरले.

वर ही बाई आभार मानायला टोपली घेऊन साहेबांच्या घरी निघाली, पोर कडेवर. मी गेले मागोमाग, दुसरं काय करणार?

साहेबांची नात धावत आली आणि तिनं टोपलीतलं एक अंजीर उचललं. साहेबांनी ते झडप घालून काढून घेतलं.

"कुठली ही?"

"भिंतीकडची," ताई कौतुकानं म्हणाली. "तीच जास्त गोड असतात."

"वा, वा," म्हणत साहेबांनी टोपली पायानं दाराबाहेर सरकवली. नातीनं भोकाड पसरलं.

ताईचा चेहरा उतरला. "साहेब, रिपोर्टमध्ये तर चांगली आहेत म्हणून लिहिलंय ना?"

"चांगलीच आहेत हो. आमच्याकडे फळं फारशी कोणी खात नाही, एवढंच." मागं टेबलावर केळी आणि सफरचंदांचा ढीग होता.

ताईनं पोराच्या तोंडात बोट घातलं आणि चघळलेलं अंजीर बाहेर काढलं. जिन्यात आल्यावर मला म्हणाली, "आत्ताचं काढलं गं. आधीचं कसं काढू?"