पात्यावरची तार

अंबरनाथशेजारच्या कॅम्प चार वस्तीत परसूशेठचा खिशातले चाकू बनवायचा कारखाना होता. तिथं भीमराव बारा वर्षं धार लावत होता. संध्याकाळी अंबरनाथला घरी पोचला की त्याचा उजवा खांदा इतका भरून आलेला असायचा, की शर्ट काढायलाही बायकोचा, कुमुदिनीचा हात लागायचा.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यात शेठनं नवा हुकूम काढला.

"भीमराव, आजसे एकच दगड. बारीक दगड नाही, चामड्याचा पट्टा नाही. माल डबल निघायला पाहिजे."

"शेठ, हे स्टेनलेस आहे. ह्याची तार चिवट असते."

"कस्टमर दुकानात कागद कापून बघतो. कागद कटला? बस."

कागद कापला जायचाच. पातं दगडावर घासलं की टोकाला केसाएवढी पातळ कड उभी राहते, तिलाच भीमराव तार म्हणायचा. साध्या लोखंडाची तार थोड्या घासण्यानं झडून जाते. ह्या न गंजणाऱ्या पोलादाची मात्र नुसती इकडची तिकडे वाकते, सुटत नाही. ती असते तोवर चाकू झकास चालतो. दोन दिवसांनी ती दुमडते आणि चाकू बोथट. हे सगळं शेठला पुन्हा सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं बारीक दगड फळीवर ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी दुपारच्या सुट्टीत एक बाई चिखलाच्या पायांनी दारात उभी राहिली. पालेगावची जनाबाई, आंब्याची कलमं बांधणारी.

"धार लावणारा कोन हाय?"

"मीच. काय झालं?"

तिनं कमरेचा चाकू काढून त्याच्यापुढं धरला. "आंब्याच्या चिकानं लोखंड काळं पडतं म्हणून ह्यो घेतला. पयल्या दिवशी लोण्यावानी चालला. मंग काडी कापायच्या जागी चेचायला लागला. काप साफ नाय तर जोड धरंल कसा, भाऊ? चाळीस कलमं गेली माझी."

भीमरावनं अंगठा पात्यावरून हलकेच आडवा ओढला. तार एका बाजूला सपाट दुमडली होती. काम त्याच्याच हातचं होतं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

"बसा मावशी," तो म्हणाला.

त्यानं बारीक दगड फळीवरून खाली घेतला, पाणी शिंपडलं. एकदा ही बाजू, एकदा ती, प्रत्येक वेळी दाब आधीपेक्षा कमी. शेवटी पातं जरासं उभं धरून दोन-तीनदा नुसतं टेकवल्यासारखं फिरवलं. अंगठ्याला काहीच अडकेना, तेव्हा पट्ट्यावर उलटं ओढलं. मनगटावरचे केस न दुखता उतरले. जेवणाचा डबा उघडायचा राहून गेला होता.

"आता चालेल," तो म्हणाला. "चूक माझी होती."

जनाबाईनं त्याच्याकडं बघितलं, चाकू मिटला आणि कमरेला खोचून निघून गेली.

त्या दुपारी त्यानं बारीक दगड परत वर ठेवला नाही. संध्याकाळी शेठनं पेटी बघितली. माल निम्माच होता.

"ये क्या है?"

"एवढेच होतात, शेठ. नीट केले तर एवढेच."

"मग धारेवर दुसरा माणूस बसवतो. तू उद्यापासून पॅकिंगला."

"बरं," भीमराव म्हणाला. आपल्याला राग यायला हवा होता, असं त्याला घरी जाताना वाटलं. पण अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

पॅकिंगला खांदा दुखत नव्हता, तरी झोप लागेना. दिवसभर तो चाकू कागदात गुंडाळायचा आणि अंगठा पात्याला लागू द्यायचा नाही.

महिन्याभरानं कारखाना सुटताना जनाबाई फाटकाशी उभी होती.

"नवी बांधली ती बहुतेक धरली. गावात आनखी पाच-सा जनींचे चाकू हायत. रविवारी येशील?"

रविवारी तो स्वतःचा दगड घेऊन पालेगावला गेला. वाटेत दोन ठिकाणी शेतात इमारतींचे खड्डे खणलेले होते. जनाबाईच्या ओटीवर बसून त्यानं चार चाकूंना धार लावली, एकेकाला सावकाश. पाचवा हातात घेतला आणि भिंतीला टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागला.

चाकू न्यायला आलेली एक बाई हाक मारणार होती. जनाबाईनं तिला हातानंच गप्प केलं, त्याच्या बोटांतून चाकू अलगद काढून घेतला आणि दोघी पायरीवर बसून राहिल्या.